निळ्या पाट्यांमागून चालताना काय सुटतं?

लंडनमध्ये गाइड न घेता इतिहासाची पायी सैर आखायची असेल, तर सगळ्यात सोपा आधार म्हणजे निळ्या पाट्या. गोल, निळी पाटी आणि पांढऱ्या अक्षरांत एवढंच : अमुक व्यक्ती अमुक काळात इथे राहिली. ही योजना १८६६ साली सुरू झाली, आज इंग्लिश हेरिटेज ही संस्था ती चालवते आणि शहरात अशा हजाराच्या आसपास पाट्या आहेत. नकाशावर दहा-बारा ठिपके निवडायचे, मोबाइलला जवळचा रस्ता विचारायचा, की झाली सैर तयार. मराठी माणसाची यादी तर ठरलेलीच असते : मेडा व्हेलमधलं टिळकांचं घर, हायगेटमधलं सावरकर राहिले ते इंडिया हाउस आणि किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर, जिथे आता स्मारक आहे.

पाटीचे गुण आधी मान्य करू. ती फुकट आहे, पत्ता नेमका सांगते आणि उगाच बडबड करत नाही. माझा आक्षेप पाटीवर नाहीये, पाट्या जोडून काढलेल्या रेषेला ‘शहराचा इतिहास’ म्हणण्यावर आहे. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर इथे सॅम्पलच गंडलेलं आहे.

कसं ते बघा. पाटीसाठी दोन मुख्य अटी आहेत. व्यक्तीला जाऊन किमान २० वर्षं झालेली हवीत आणि तिच्याशी संबंधित इमारत आजही उभी हवी. पहिली अट समजण्यासारखी आहे. दुसरी वरवर निरुपद्रवी वाटते. घरच नाही तर पाटी लावणार कुठे? पण घर टिकतं कोणाचं? पक्क्या बांधणीचं, बऱ्या वस्तीतलं, बॉम्बहल्ल्यातून आणि नंतरच्या पाडापाडीतून वाचलेलं. गोदीकामगारांच्या खोल्या, खलाशांच्या खाणावळी, गरिबांची वर्कहाउसं यातलं फार थोडं उरलं.

संख्याशास्त्रात याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात, म्हणजे वाचलेल्यांकडे बघून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढणं. अब्राहम वाल्ड यांचं दुसऱ्या महायुद्धातलं काम यासाठी प्रसिद्ध आहे. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत एवढंच मोजून चालत नाही. जिथे गोळी लागलेली विमानं परतलीच नाहीत, ती जागा जास्त नाजूक असते. पाट्यांच्या नकाशाचंही तेच. जिथे ठिपका नाही तिथे काही घडलं नाही, असं आपण न कळत धरून चालतो.

आपल्याच माणसांचं उदाहरण घेऊ. इंग्रज कुटुंबांची मुलं सांभाळत हिंदुस्थानातून आलेल्या आया अनेकदा लंडनमध्ये वाऱ्यावर सोडल्या जायच्या. त्यांच्यासाठीचं वसतिगृह हॅकनीत किंग एडवर्ड्स रोडवर होतं. ती इमारत टिकली, म्हणून २०२२ साली का होईना, तिला निळी पाटी मिळाली. आता लाइमहाउसला जा. वेस्ट इंडिया डॉक रोडवर १८५७ साली आशियाई खलाशांसाठी ‘स्ट्रेंजर्स होम’ उघडलं होतं. ब्रिटिश जहाजांवरच्या या खलाशांत, म्हणजे लष्करांत, कोकणातले आणि गोव्यातले लोकही होते. ती इमारत पाडली गेली. घर नाही, त्यामुळे त्या अटीनुसार पाटीही नाही. दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या. फरक फक्त विटा उरल्या की नाही याचा.

मग सैर आखायची कशी? याचं उत्तर लंडनच्याच एका गल्लीत आहे, आणि ते एका डॉक्टरच्या संशोधनपद्धतीतून मिळतं.

सोहोमधली ब्रॉडविक स्ट्रीट, म्हणजे तेव्हाची ब्रॉड स्ट्रीट. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस इथे कॉलरा फुटला आणि ६१६ माणसं गेली. आज तिथे दांडा नसलेल्या पंपाची प्रतिकृती आहे आणि शेजारी जॉन स्नो यांच्या नावाचा पब. बहुतेक जण फोटो काढतात, ‘स्नोंनी पंपाचा दांडा काढायला लावला आणि साथ थांबली’ असं वाचतात आणि पुढे सरकतात. हे अर्धवट आहे. दांडा ८ सप्टेंबरला निघाला, तोवर साथ उतरणीला लागलेली होती. लोक वस्ती सोडून पळाले होते, हे खुद्द स्नोंनीच नोंदवलंय.

स्नोंचा खरा पुरावा जिथे माणसं मेली नाहीत, तिथे होता. जवळच पोलंड स्ट्रीटवर ५३५ जणांचं वर्कहाउस होतं. चहूबाजूंना घरोघर मृत्यू, आत मात्र कॉलऱ्याचे फक्त पाच. कारण त्यांची विहीर वेगळी होती. ब्रॉड स्ट्रीटवरच्याच दारूभट्टीत सत्तरहून जास्त कामगार. एकही दगावला नाही, कारण ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. उलट लांब हॅम्पस्टेडला एक विधवा बाई गेली. तिला या पंपाचं पाणी आवडायचं, म्हणून ती ते रोज मागवायची. हवेतून रोग पसरतो असं मानणाऱ्यांना ही तीन ठिकाणं एकत्र समजावून सांगणं अवघड होतं. पुढे हेन्री व्हाइटहेड या स्थानिक पाद्र्याने स्नोंना खोटं ठरवायला चौकशी सुरू केली, आणि ४० नंबरच्या घरातल्या आजारी बाळापर्यंत पोचून त्यांनाच दुजोरा दिला.

वर्कहाउस आज नाही, दारूभट्टीही नाही. पाट्यांमागून जाणाऱ्याला सोहोत फक्त पंप दिसेल, म्हणजे नेमका युक्तिवाद सोडून बाकी सगळं.

म्हणून माझं म्हणणं असं. आधी ठिकाणांची यादी करू नका, एक प्रश्न घ्या. ‘स्नोंना कसं कळलं?’ हा प्रश्न घेतला तर थांबे आपोआप ठरतात : पंप, मग वर्कहाउसची जागा, मग दारूभट्टीची. चालायला पंधरा-वीस मिनिटंही लागत नाहीत. क्रम मोबाइलने सुचवलेल्या जवळच्या रस्त्याचा नको, युक्तिवादाचा ठेवा. दोनशे पावलं उलटं चालावं लागलं तर चालायचं. आणि दर तीन-चार थांब्यांमागे एक तरी थांबा असा ठेवा जिथे बघायला काहीच उरलेलं नाही. तिथे काय होतं ते एका कागदावर लिहून न्या, जुना नकाशा मिळाला तर उत्तमच.

अशा थांब्यावर फोटो चांगला येत नाही, हे खरंय. सोबतचे लोक ‘इथे काय बघायचं?’ असंही विचारतील. त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं, तर तुमची सैर नीट आखली गेलीय असं समजा.