राजीनाम्याचे मिथक आणि चित्रकाराची घडण : खन्ना व खक्कर

व्यवहारी पेशा सोडून चित्रकलेकडे वळलेल्या कलावंतांविषयी लिहिताना समीक्षा बहुधा राजीनाम्याच्या क्षणालाच कलावंताचा जन्मक्षण मानते. या समजुतीचा आदिनमुना म्हणजे पॉल गोगँ. वस्तुतः १८८२ च्या पॅरिस शेअरबाजारातील पडझडीनंतर दलालीचा व्यवसायच डळमळीत झाला होता. १८८३ मध्ये त्याने तो सोडला, यात परिस्थितीचा वाटा लहान नव्हता. पुढे कोपनहेगन येथे पत्नी मेट फ्रेंचच्या शिकवण्या करून पाच मुलांचा संसार चालवीत होती. गोगँच्या त्यागकथेत हा तपशील क्वचितच मध्यवर्ती ठरतो.

कृष्ण खन्ना यांच्याबाबतीतही १९६१ हे वर्ष असेच उद्धृत केले जाते. त्या वर्षी त्यांनी ग्रिंडलेज बँकेतील नोकरी सोडली. तथापि 'गांधीजींच्या निधनाची वार्ता' हे त्यांचे महत्त्वाचे चित्र १९४८ चे, म्हणजे बँकेत प्रवेश केला त्याच वर्षाचे आहे. प्रत्येकजण आपापल्या वर्तमानपत्रात बुडालेला. शोक सामुदायिक, पण वाचन एकेकट्याचे. ही दृष्टी राजीनाम्याने दिली नाही. राजीनाम्याने दिला तो सलग वेळ. १९६२ ची रॉकफेलर शिष्यवृत्ती, जपानी शाईचित्रणाचा अनुभव, अमूर्ताकडे जाणे आणि पुन्हा मानवाकृतीकडे परतणे, ट्रकमधून वाहून नेले जाणारे मजूर, लग्नाच्या वरातीतील बँडवाले : असा दीर्घ प्रवास सुटीच्या दिवसांच्या तुकड्यांत होणे कठीण होते. म्हणून हा निर्णय गौण नव्हे. मात्र त्याचे मोल घडणीच्या संदर्भात आहे, साक्षात्काराच्या नव्हे.

भूपेन खक्कर यांचे उदाहरण या मिथकाला अधिक अडचणीत आणते. मुंबईत सनदी लेखापाल झालेले खक्कर १९६२ च्या सुमारास बडोद्यास आले, महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलासमीक्षेचा अभ्यास केला. परंतु हिशेबनिसाचे काम त्यांनी पुढेही अर्धवेळ दीर्घकाळ चालू ठेवले. 'जनता वॉच रिपेअरिंग' (१९७२) किंवा न्हाव्याच्या दुकानाचे चित्र (१९७३) पाहता, येथे कामधंद्याचे जग हे चित्रकलेच्या बाहेरचे ओझे नसून तिचाच विषय आहे, हे स्पष्ट होते. घड्याळे, पाट्या, आरसे, खुर्च्या यांची मांडणी नोंदवहीतील बारकाईने होते. त्यांच्यामध्ये बसलेला माणूस मात्र कोणत्याच रकान्यात मावत नाही. या बारकाईचे श्रेय थेट हिशेबनिशीला देणे सोपे आहे, परंतु कंपनी शैली आणि बाजारातील छापील चित्रे यांचाही त्यात तेवढाच वाटा आहे.

अभिजनांच्या अभिरुचीला हे कारकुनी, दुकानदारी जग दीर्घकाळ चित्रविषय म्हणून हलके वाटत होते. खक्कर त्याच्याकडे वरून पाहत नाहीत, कारण ते रोज सकाळी त्याच जगात कामाला जात होते.