धर्मावांचून नीति

दर्यापुरास आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं दर महिन्यास पांचसात मंडळी जमतात आणि जुन्या मराठी ग्रंथांचें वाचन होतें. गेल्या श्रावणांत पाळी आगरकरांच्या निबंधांची होती. वाचणारी त्या घरची सून. भिंतीस टेकून ऐकत बसलेल्या तिच्या आजेसासूबाई. देवकल्पनेचा उगम मनुष्याच्या भयांत व अज्ञानांत शोधणारा तो निबंध संपला, तेव्हां आजी म्हणाल्या, “सूनबाई, याचं समदं खरं मानलं. पण पोट्ट्याले देवाचा धाक नाही राह्यला, त अंधारात कोनी पाहत नसतानी त्याचा हात कोन धरन?” सून म्हणाली, “आजी, आपलं वावर ज्यानं गिळलं तो सावकार त रोज पोथी वाचे नं?” आजी हंसल्या, परंतु त्यांनीं प्रश्न मागें घेतला नाहीं. आम्हांसही तो घरीं परतल्यावर सोडीना, आणि त्याच प्रश्नाच्या उजेडांत आगरकर पुन्हां एकदां वाचावे असें वाटलें.

आगरकरांविषयीं लिहितांना आपल्याकडे एक सोयीची रीति पडून गेली आहे. त्यांच्या त्यागाची तोंड भरून स्तुति करावयाची आणि त्यांच्या मतांस मात्र दुरूनच नमस्कार करावयाचा. वस्तुतः त्यांचा त्याग व त्यांचीं मतें हीं दोन नव्हेतच. ज्याचा परलोकावर विश्वास नाहीं त्यानें या लोकींचीं सुखें कां सोडावीं, हा त्यांच्या प्रतिपक्ष्यांचा आवडता सवाल. आणि त्याचें उत्तर त्यांच्या चरित्रांतच आहे. १८५६ सालीं टेंभूस जन्मलेला हा दरिद्री मुलगा आमच्या वऱ्हाडांत, अकोल्यास राहून शिकला. पुण्यास उच्च शिक्षण घेत असतां त्यानें आईस पत्र लिहिलें, कीं मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील अशी आशा धरूं नये. पोटापुरतें मिळवून उरलेला वेळ तो परहितास देणार. पुढें तो वागला तसाच. १८८२ मध्यें डोंगरीच्या तुरुंगांत एकशेएक दिवस, १८८८ पासून ‘सुधारक’, जिवंतपणीं पुण्याच्या रस्त्यांतून निघालेली स्वतःचीच प्रेतयात्रा, आणि १८९५ सालीं, वयाचीं चाळीस वर्षेंही पुरीं न होतां, दम्यानें आलेलें मरण. यांत पुण्यसंचयाची अपेक्षा कोठेंच नाहीं. एका मनुष्यापुरता तरी वादाचा निकाल येथें लागतो.

परंतु चरित्र म्हणजे युक्तिवाद नव्हे, आणि आम्हांस येथें निबंधकार आगरकरांकडे पाहावयाचें आहे. त्यांचें खरें बळ देवाच्या अस्तित्वाचें खंडन करण्यांत आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तें काम मिल्ल व स्पेन्सर यांच्या आधारें दुसराही कोणी करूं शकला असता. बळ आहे तें विधवांचें केशवपन, बालविवाह, संमतिवय यांवरील लेखांत. शास्त्रांत काय आहे तें पाहून मग चांगलें काय तें ठरवावयाचें, ही त्या काळची सर्वमान्य पद्धति. सुधारकांतही पुष्कळजण आपल्या बाजूचें वचन शोधण्यांत गुंतलेले असत. आगरकर प्रश्न उलटा टाकतात: वचन कांहींही असो, त्या मुलीस यातना होतात कीं नाहीं? ईश्वर सांगतो म्हणून एखादी गोष्ट चांगली, कीं चांगली आहे म्हणून ईश्वर ती सांगतो, हा प्लेटोच्या एका संवादांतला जुना पेंच. पण पुण्याच्या वाड्यांतील न्हाव्याच्या वस्तऱ्यापर्यंत तो आणून भिडविला आगरकरांनीं. धर्माची परीक्षा करण्यास नीति समर्थ असेल, तर ती धर्माची लेक नव्हे, एवढें तरी मान्य करावें लागतें.

यावर नेहमीं येणारा आक्षेप असा, कीं आगरकरांसारखे लोक पूर्वजांच्या श्रद्धेच्या व्याजावर जगले. मुद्दल संपल्यावर नातवंडांचें काय? आक्षेप अगदींच टाकाऊ नाहीं. मात्र तो दुसऱ्या बाजूसही लागू पडतो. आज कोणीही भाविक गृहस्थ विधवेचें मुंडन धर्म्य मानीत नाहीं, अस्पृश्यता पाळणें पुण्य समजत नाहीं. निदान तसें चारचौघांत बोलत नाहीं. ही सुधारणा त्यास पोथीनें शिकविली काय? तोही ज्यांस पाखंडी म्हटलें त्यांच्याच कमाईवर जगत आहे.

तरीही आजींचा प्रश्न उरतोच, आणि येथें आगरकर आम्हांस तोकडे वाटतात. त्यांचा निबंध वाचणाऱ्यासाठीं आहे. वाक्य लांबत जातें, आक्षेपकास मध्येंच उभें करून त्याची फटफजिती होते, आणि शेवटीं असें गृहीत धरलें जातें, कीं पटलें म्हणजे वागणें आपोआप बदलेल. पटूनही न वागणारीं माणसें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत (आरशांतही एक दिसतें). आणि ज्यास वाचतांच येत नाहीं त्याचें काय, हा विचार त्या पानांतून फारसा डोकावत नाहीं. न्यायमूर्ति रानड्यांसारख्या प्रार्थनासमाजीयांचें म्हणणें, कीं ईश्वरनिष्ठेवांचून सुधारणेस ओलावा राहत नाहीं, तें आम्हांस तत्त्व म्हणून पटत नाहीं. पण त्यामागची काळजी खरी होती.

आगरकरांच्या शाळेच्या गांवाहून फार लांब न जातां त्या काळजीचें एक निराळें उत्तर सांपडतें. अंजनगांव-सुर्जी तालुक्यांतील शेंडगांव येथें २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं परिटाच्या घरीं डेबूजीचा जन्म झाला. तो वाढला मूर्तिजापूर तालुक्यांतील दापुऱ्यास, मामाकडे. आतां थांबलेली मूर्तिजापूर-अचलपूरची छोटी गाडी या दोन तालुक्यांस जोडीत जाई, आणि वाटेंत दर्यापूर लागे. मामाचें शेत सावकाराच्या कर्जांत गेलें, असें चरित्रकार सांगतात. म्हणजे सूनबाईंनीं काढलेली गोष्ट कांहीं एकाच घरची नव्हे. १९०५ सालीं घर सोडून हाच डेबूजी पुढें गाडगेबाबा झाला. पूर्णेच्या कांठीं ऋणमोचनास पौषांत यात्रा भरते. ऋणांतून सुटावें म्हणून जेथें लोक स्नान करीत, तेथें बाबा चिखलानें भरलेला कांठ साफ करीत. आणि रात्रीं कीर्तनांत सांगत, कर्ज काढून सण करूं नका, नवसाला बकरें मारूं नका, दारू पिऊं नका, पोरांस शाळेंत घाला. दगडाच्या देवासंबंधीं ते श्रोत्यांस एकामागून एक प्रश्न विचारीत, आणि अडाणी श्रोता स्वतःच्याच उत्तरानें निरुत्तर होई. आगरकर जें निबंधांत करीत, तेंच हें. फरक एवढा, कीं येथें हातांत खराटा होता, भाषा आजींची होती आणि अधूनमधून गोपाळाच्या नामाचा गजर होता.

बाबा आस्तिक कीं नास्तिक, यावर दोन्ही पक्ष हक्क सांगतात. आम्हांस तो तंटा निष्फळ वाटतो. त्यांनीं देवाचें नांव टाकलें नाहीं हें खरें. पण आज्ञेचा आधार म्हणून त्या नांवाचा उपयोगही क्वचितच केला. बकरें कां मारूं नये? देव रागावेल म्हणून नव्हे, बकऱ्यास जीव आहे म्हणून. नीतीचें कारण माणसांत व प्राण्यांतच राहिलें. धर्माकडून त्यांनीं उसनें घेतलें तें एकत्र जमणें, गाणें, आणि सांगणारानें आधीं स्वतः करून दाखविणें. आगरकरांजवळ यांतील तिसरें भरपूर होतें, पहिलीं दोन मुळींच नव्हतीं.

बाबा २० डिसेंबर १९५६ रोजीं वलगांवनजीक वारले. त्याच महिन्याच्या ६ तारखेस डॉ. आंबेडकर गेले होते. १४ ऑक्टोबरला नागपुरास लाखोंच्या समुदायानिशीं त्यांनीं जो धम्म स्वीकारला, त्यांत ईश्वरास स्थान नाहीं. १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथांत नीतीसच ईश्वराच्या जागीं बसविलें आहे. तरीही बावीस प्रतिज्ञा त्यांनीं उभ्यानें, सर्वांसमक्ष, मोठ्यानें म्हणवून घेतल्या. नुसतें पटवून देणें पुरेल असें मानणारा पुरुष हें करता ना. आगरकरांच्या पानांवर आमचा जो आक्षेप आहे, तो या एका कृतींत आमच्यापेक्षां पुष्कळ समर्थपणें मांडला गेला आहे.

मग देव न मानणाऱ्या आजच्या सुशिक्षित कुटुंबांनीं काय करावें? त्यांच्या घरीं देव्हारा गेला, आरतीही गेली; त्या वेळेस घरांतलीं सर्व माणसें एकत्र उभीं राहत, तेंही गेलें, आणि त्या जागीं बहुतेक घरांत कांहीं आलें नाहीं. देवाच्या जाण्यानें आम्ही अस्वस्थ होत नाहीं. त्या रिकाम्या जागेनें होतों.

पुढील महिन्याच्या बैठकींत सूनबाईंनीं आगरकरांचें चरित्र काढलें आणि आईस लिहिलेल्या पत्राचा भाग वाचला. आजींनीं तो दोनदां वाचावयास लावला. मग विचारलें, “अन् मायनं काय लिहिलं त्याले?” सूनबाईंजवळच्या पुस्तकांत आईचें उत्तर नव्हतें.