अक्षत प्रल्हाद आणि सक्षत निवेदक : मेंदूतील ‘साध्या’ गाठीच्या आत्मकथनाचा तौलनिक विचार

१. एरचची कथा आणि बरे होण्याची अपेक्षा

झाशी जिल्ह्यात बेतवा नदीच्या काठी एरच हे प्राचीन गाव आहे. स्थानिक परंपरा या गावाला हिरण्यकश्यपूची राजधानी मानते. जवळच्या डिकौलीच्या टेकडीवरून प्रल्हादाला बेतवेच्या पात्रात लोटण्यात आले आणि होलिका त्याला मांडीवर घेऊन अग्नीत बसली ती याच परिसरात, अशी तेथील श्रद्धा आहे. मराठी वाचकाला ही कथा परकी नाही. नृसिंह हे महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचे कुलदैवत आहे. नीरा-भीमा संगमावरील नरसिंहपुराशीही प्रल्हादाचे नाव जोडले गेले आहे, आणि होळीच्या निमित्ताने ही कथा आपल्याकडे दरवर्षी सांगितली जाते.

या कथेचा आकृतिबंध ध्यानात घेण्याजोगा आहे. संकट येते, ते पराकोटीला जाते आणि त्यातून प्रल्हाद जसाच्या तसा बाहेर येतो. त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. होलिकेचा प्रसंग भागवताच्या सप्तम स्कंधात नाही, तो लोकपरंपरेने जपला आहे. परंतु अग्नी, विष, कडेलोट यांतून प्रल्हाद अक्षत राहिला हा आशय दोन्हीकडे समान आहे. भागवतातील प्रल्हाद नृसिंहाची दीर्घ स्तुती करतो. मात्र अग्नीत असताना त्याला काय वाटले, त्यातले काय आठवते, हे त्याला कोणी विचारत नाही. भक्तीची महती सांगणाऱ्या कथेला त्याची गरजही नाही. अडचण निर्माण होते ती हाच आकृतिबंध आपण आजारातून उठलेल्या माणसाला लावतो तेव्हा. ‘सुटलात एकदाचे’ या उद्गारात आनंद असतो, तशीच विषय संपल्याची सूचनाही असते.

एरच ज्या जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात १९६८ पासून महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे. अक्षत सुटकेची कथा आणि शस्त्रक्रियेचे टेबल आज एकाच भूप्रदेशात, बहुधा एकाच कुटुंबाच्या अनुभवात, शेजारी शेजारी नांदतात. मेनिंजिओमा या मेंदूच्या आवरणापासून उद्भवणाऱ्या गाठीच्या संदर्भात या शेजाराचा विचार करणे, आणि अशा गाठीतून उठलेल्या निवेदकाला साहित्याने कोणते आकृतिबंध उपलब्ध करून दिले आहेत हे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. ‘साधी’ या विशेषणाचे राजकारण

वैद्यकीय परिभाषेत गाठीचे सौम्य आणि मारक असे दोन वर्ग केले जातात. बोलीत सौम्य गाठीला ‘साधी गाठ’ म्हणतात. बहुसंख्य मेनिंजिओमा या अर्थाने साध्या असतात. त्या मेंदूच्या द्रव्यात नव्हे, तर त्याच्या आवरणांत उगम पावतात, वर्षानुवर्षे सावकाश वाढतात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतात. काही गाठी भलत्याच कारणाने केलेल्या तपासणीत अचानक दिसतात आणि केवळ ठरावीक काळाने प्रतिमा घेऊन त्यांच्यावर लक्ष ठेवले जाते. काही मात्र आकडी, दृष्टिदोष, अंगाचा अशक्तपणा, स्वभावातील बदल अशा रूपांनी प्रकट होतात. तेव्हा कवटी उघडावी लागते. ‘केसालाही धक्का न लागता’ या वाक्प्रचाराचा येथे अक्षरशः भंग होतो. कारण अनेकदा पहिला वस्तरा केसांवरच फिरतो.

शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यावरही थकवा, एकाग्रतेचा अभाव, नेमका शब्द न आठवणे, आकडीविरोधी गोळ्या, वाहन चालवण्यावरील बंधने हे सारे काही महिने, कधी त्याहून अधिक काळ सोबत राहू शकते. डोनाल्ड सिम्पसन यांनी १९५७ मध्ये गाठ व तिचे आवरणाशी असलेले मूळ किती पूर्णपणे काढता आले यावरून पाच श्रेणी मांडल्या आणि गाठ परत येण्याची शक्यता त्यांच्याशी जोडली. म्हणजे ‘निघाली’ या क्रियापदालाही येथे श्रेणी आहेत. रुग्ण बरा असतो आणि पुढील तपासणीची वाटही पाहत असतो. ‘साधी’ हे विशेषण या दुहेरी अवस्थेला जागा देत नाही. मारक गाठीच्या रुग्णाला समाज निदान श्रोता तरी देतो. साध्या गाठीच्या रुग्णाचे गाऱ्हाणे कृतघ्नपणाचे ठरते. कथनाचा अधिकार येथे निदानाच्या शब्दातच नाकारला जातो.

या संदर्भात नामकरणाचा इतिहास बोलका आहे. ‘मेनिंजिओमा’ ही संज्ञा हार्वे कशिंग यांनी १९२२ मध्ये रूढ केली. लुईस आयझेनहार्ट यांच्यासह त्यांनी १९३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बृहद्ग्रंथाच्या उपशीर्षकात या गाठींचे वर्गीकरण, स्थानपरत्वे वर्तन आणि शस्त्रक्रियेचे अंतिम परिणाम यांच्याबरोबरच त्यांच्या ‘जीवनवृत्ता’चाही उल्लेख आहे. वृत्त आहे ते गाठीचे. कशिंग हे सामान्य लेखक नव्हते. त्यांच्या विल्यम ऑस्लर-चरित्राला १९२६ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. त्यामुळे हा शब्द त्यांनी सहज योजला असेल असे वाटत नाही. त्यांचे प्रसिद्ध रुग्ण जनरल लिओनार्ड वुड यांच्यावर १९१० मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर वुड यांनी अमेरिकन सैन्याचे प्रमुखपद आणि पुढे फिलिपाइन्सचे गव्हर्नर-जनरलपद सांभाळले. गाठ पुन्हा वाढली आणि १९२७ मध्ये नव्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा मृत्यू झाला. वैद्यकाच्या दृष्टीने मधली १७ वर्षे हा ‘परिणाम’ आहे. वाङ्मयाच्या दृष्टीने तो एका माणसाच्या जगण्याचा काळ आहे. आजारकथनाचे क्षेत्र या दोन दृष्टींच्या मधले आहे.

३. सांगणाराच आजारी असतो तेव्हा

आजाराला भाषा अपुरी पडते ही तक्रार व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ मधील आपल्या निबंधात केली होती. मेंदूच्या आजारात ही अडचण केवळ शब्दसंग्रहाची राहत नाही. मूत्रपिंड किंवा हृदय बिघडते तेव्हा निवेदक आपल्या एका अवयवाविषयी बोलत असतो. मेंदूवर दाब येतो तेव्हा ज्याने बोलायचे तोच बाधित झालेला असतो. आत्मकथनाचा वाचक निवेदकाच्या सलग स्मृतीवर आणि एकसंध ‘मी’वर विसंबतो. हा करारच येथे डळमळतो.

हंगेरियन विनोदी लेखक फ्रिजेश कारिंथी यांचे ‘माझ्या कवटीभोवतीचा प्रवास’ या अर्थाचे शीर्षक असलेले १९३७ चे पुस्तक या दृष्टीने मूलभूत आहे. कारिंथींची गाठ मेनिंजिओमा नव्हती. ती लहान मेंदूच्या भागातील, वेगळ्या जातीची पण सौम्य गाठ होती. बुडापेस्टच्या कॅफेत बसलेले असताना त्यांना आगगाडीचा धडधडाट ऐकू येऊ लागतो. आगगाडी तर कोठेच नसते. पुढे दृष्टी मंदावते आणि १९३६ मध्ये स्टॉकहोम येथे हर्बर्ट ऑलिव्हक्रोना त्यांच्यावर केवळ स्थानिक भूल देऊन, रुग्ण जागा असताना, शस्त्रक्रिया करतात. आपण वरून आपलीच उघडी कवटी पाहत आहोत असा भास त्या वेळी झाल्याचे कारिंथी सांगतात.

हा प्रसंग चमत्कृतीसाठी वारंवार उद्धृत होतो. त्याचे वाङ्मयीन महत्त्व वेगळे आहे, असे मला वाटते. पाहणारा ‘मी’ आणि पाहिला जाणारा ‘मी’ यांची फारकत प्रत्येक आत्मचरित्रात गृहीत असते. कारिंथींच्या निवेदनात ती शारीरिक घटना होऊन येते. विनोदी लेखकाची तटस्थता येथे त्यांच्या कामी येते. भासाला ते साक्षात्कार म्हणत नाहीत आणि त्याची थट्टा करून तो खोडूनही टाकत नाहीत.

जागेपणी झालेली शस्त्रक्रिया हा अपवाद आहे. संपूर्ण भूल दिलेल्या रुग्णापाशी त्या तासांची आठवणच नसते. पुढचे काही दिवसही तुटक असतात. आपण काय बोललो, कोणाला ओळखले नाही, केव्हा रडलो, हे त्याला पत्नी, भाऊ, मुलगी, रुग्णालयातील परिचारिका यांच्याकडून कळते. त्याच्या आत्मकथनाचा गाभा उसन्या स्मृतीने भरलेला असतो. ‘मला नंतर सांगण्यात आले’ हे वाक्य इतर आत्मचरित्रांत बालपणाच्या प्रकरणापुरते येते. येथे ते प्रौढ वयाच्या मध्यभागी येते. अशा कथनाचे कर्तृत्व सामायिक असते, आणि समीक्षेने ते दोष न मानता त्याचे प्रकारलक्षण मानले पाहिजे.

४. अक्षौहिणी आणि सांगाती

मराठी आजारकथनांची शीर्षके त्यांच्या प्रतिमाव्यवस्थेवर प्रकाश टाकतात. पद्मजा फाटक यांचे पुस्तक आहे ‘हसरी किडनी अर्थात अठरा अक्षौहिणी’, डॉ. अरविंद बावडेकर यांचे ‘कॅन्सर माझा सांगाती’. पहिल्या शीर्षकात महाभारताचे सैन्य आहे आणि त्या सैन्याच्या आधी हसू आहे. दुसऱ्यातील ‘सांगाती’ हा शब्द वारकरी परंपरेत परमेश्वरासाठी योजला जातो. तो येथे रोगासाठी आला आहे.

सुझन सोन्टॅग यांनी १९७८ मध्ये आजारावर लादल्या जाणाऱ्या रूपकांना, विशेषतः युद्धाच्या रूपकाला, आक्षेप घेतला. रूपकमुक्त विचार हाच आजाराकडे पाहण्याचा निरोगी मार्ग, हे त्यांचे म्हणणे आहे. मराठीतील ही दोन शीर्षके पाहता या मांडणीला थोडी मुरड घालावी लागते. महाभारतातील अठरा अक्षौहिणींचे युद्ध विजयाची निखळ कथा नाही. त्यात जिंकणाऱ्यालाही जवळजवळ सर्वस्व गमवावे लागते. त्यामुळे ‘रोगाशी लढा आणि जिंका’ या पाश्चात्त्य प्रचारी रूपकाहून ते भिन्न आहे. ‘सांगाती’ तर शत्रुत्वच नाकारतो. रूपक टाळण्यापेक्षा परंपरेतील रूपक वाकवून घेण्याचा हा मार्ग आहे.

मेनिंजिओमाच्या अनुभवाला यांपैकी दुसरी प्रतिमा अधिक जवळची ठरते. निदान होण्यापूर्वी कित्येक वर्षे ही गाठ माणसाबरोबर नांदत असते. निदानानंतर माणूस मागे वळून पाहतो : तो चिडखोरपणा माझा होता की गाठीचा? ती विसराळू वर्षे कोणाच्या नावावर मांडायची? सांगात्याला काढून टाकल्यावर त्याच्या संगतीत घडलेला ‘मी’ही तपासावा लागतो. येथे भक्तिपरंपरेतील सांगाती आणि हा सांगाती यांतला फरकही स्पष्ट होतो. पहिला आधार देतो. दुसरा आपल्याच घरात राहून आपलेच बोलणे बदलतो.

५. परतीचे कथन : पुन्हा झाशी

आर्थर फ्रँक यांनी १९९५ मध्ये आजारकथनांचे तीन नमुने मांडले : पूर्वस्थितीला परतण्याचे कथन, अनागोंदीचे कथन आणि शोधाचे कथन. प्रल्हादाचा आकृतिबंध लौकिकात पहिल्या नमुन्याचे काम करतो. शोधाच्या नमुन्यात दुःखाच्या मोबदल्यात काही प्राप्ती अपेक्षित असते. साध्या गाठीतून उठलेल्या पुष्कळांना या तिन्हींपैकी एकही अंगाला बसत नाही. ते परतलेले असतात, पण पूर्वस्थितीला नव्हे. आणि हाती काही तत्त्वज्ञान लागलेच असेही नाही.

या ठिकाणी मराठीतच, आणि झाशीच्याच संदर्भात, एक वेगळा नमुना सापडतो. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेत निघाले आणि १८५८ च्या झाशीच्या वेढ्यात सापडले. मिळवलेले लुटले गेले. ते घरी परतले ते गंगेची कावड घेऊन. ‘माझा प्रवास’ त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिला. तो १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी फेरफारांसह छापला; मूळ संहितेबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये सिद्ध केली.

हे आजारकथन नाही आणि तसे ते वाचण्याचा आग्रहही नाही. मात्र त्याच्या घडणीत प्रस्तुत विषयाला उपयुक्त अशा तीन गोष्टी आहेत. एक, निवेदक वीर नाही; तो लपतो, भितो आणि वाचतो. दोन, तो रिकामा परतत नाही, पण ज्यासाठी गेला ते घेऊनही परतत नाही. कर्ज फेडण्याचा पैसा आणायला गेलेला माणूस गंगाजल आणतो, आणि त्या दोहोंचा हिशेब जुळवून दाखवण्याची घाई करत नाही. तीन, त्याचे कथन विलंबाने लिहिले गेले आणि दुसऱ्याच्या हातून वाचकांपर्यंत आले. संपादकाला त्यात दुरुस्ती करावीशी वाटली, हेही अर्थपूर्ण आहे. वाचलेल्या माणसाची विस्कळीत साक्ष नीटनेटकी करण्याचा मोह कुटुंबीयांना होतो, डॉक्टरांना होतो आणि संपादकांनाही होतो. पोतदारांनी मूळ संहितेकडे जाण्याचा जो आग्रह धरला, तोच आग्रह रुग्णाच्या अडखळत्या कथनाबाबत धरला गेला पाहिजे.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की मेंदूच्या साध्या गाठीचे आत्मकथन हे ‘अक्षत सुटके’चे नसून ‘सक्षत परतण्या’चे कथन आहे. त्याचा निवेदक अंशतः उसन्या स्मृतीवर उभा असतो, त्याचा काळ तपासणीच्या तारखांनी मोजला जातो आणि त्याचा शेवट नेहमी तात्पुरता असतो. कारिंथींचे पुस्तक १९३७ चे. १९३८ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या कथनाची किंमत त्यानंतरच्या आयुष्याच्या लांबीवरून ठरत नाही.

अशा कथनाची समीक्षा करताना सलगपणा, निष्कर्ष आणि धैर्य या प्रचलित निकषांना आवर घालावा लागेल. गाळलेल्या जागा, पुनरुक्ती, मध्येच हरवलेला शब्द यांना निवेदनाचे दोष न मानता त्याचा पुरावा मानावे लागेल. एरचच्या परिसरात होळी पेटत राहील आणि प्रल्हाद दरवर्षी तिच्यातून अक्षत बाहेर येईल. त्या कथेशी या लेखाचे भांडण नाही. परंतु शस्त्रक्रियेतून उठून घरी आलेला माणूस टाक्यांवर हात ठेवून बोलू लागतो, तेव्हा त्याला ‘सुटलात’ असे म्हणून थांबवणे हा त्याच्या संहितेत केलेला पहिला फेरफार असतो.