किनाऱ्यावरून दिसणारे जनावर
(‘एका कोळियाने’ खारदांड्याच्या बाजूने वाचताना)

हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’च्या अगदी शेवटी एक लहानसा प्रसंग येतो. म्हाताऱ्या सांतियागोने पकडलेल्या मार्लिनचा नुसता सांगाडा किनाऱ्यालगतच्या पाण्यात हेलकावे खात आहे. जवळच्या खानावळीत बसलेली एक पर्यटक बाई वेटरला विचारते, हे काय आहे? वेटर ‘शार्क’ एवढा शब्द उच्चारतो. शार्कनी या माशाचे काय केले, हे त्याला सांगायचे असते. बाईचा समज होतो की समोरचा सांगाडाच शार्कचा आहे, आणि त्या शेपटीच्या देखणेपणाचे ती कौतुक करते. तीन दिवस आणि तीन रात्रींच्या झुंजीचा किनाऱ्यावर एवढाच अर्थ लागतो. ज्याने खाल्ले त्याचे नाव ज्याला खाल्ले त्याला मिळते.

ही लघुकादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६५ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने ती मराठीत आणली. आपल्याकडे तिच्याविषयी बोलताना म्हाताऱ्याची जिद्द, पराभवातला विजय, माणूस आणि निसर्ग यांचा संघर्ष हेच मुद्दे पुढे येतात. शेवटचा प्रसंग एखाद्या उपरोधिक टिपेसारखा बाजूला राहतो. मला तो पुस्तकाची किल्ली वाटतो. समुद्रातल्या भीतिदायक प्राण्याला नाव कोण देतो, पाण्यातला माणूस की किनाऱ्यावरचा, हा प्रश्न त्यात आहे. मराठी साहित्याच्या संदर्भात हा प्रश्न विचारायला मुंबईत खारदांड्यासारखी जागा नाही. कार्टर रोडचा फिरण्याचा रस्ता उत्तरेकडे जिथे संपतो, तिथे दांड्याचा कोळीवाडा सुरू होतो. एकाच पाण्याकडे पाहणाऱ्या दोन भाषा इथे हाकेच्या अंतरावर राहतात.

आधी शीर्षकाकडे पाहू. ‘कोळी’ हा शब्द मराठीत मासे पकडणाऱ्याचाही आहे आणि जाळे विणणाऱ्या आठ पायांच्या प्राण्याचाही. ‘एका कोळियाने’ हे शब्द ऐकताच मराठी वाचकाला शाळेच्या पुस्तकातली जुनी कविता आठवते. पडत, पुन्हा चढत, आपले जाळे पुरे करणारा तो कोळी. पु. लं.नी एका शब्दात दोन कोळी बसवले, ही भाषेवरच्या हुकमतीची खूण आहे. पण या श्लेषाची किंमतही आहे. मराठी वाचक पुस्तकात शिरतो तो चिकाटीच्या बोधकथेच्या दारातून. मग शार्क, मार्लिन, जेलीफिश हे सारे त्या चिकाटीच्या वाटेतले अडथळे ठरतात आणि त्यांचे वेगवेगळेपण धूसर होते.

वास्तविक सांतियागोचे मन प्राण्यांविषयी कमालीचे नेमके आहे. मार्लिनला तो भाऊ मानतो आणि तरीही मारतो. पहिला येणारा माको शार्क त्याला भीतिदायक वाटतो, पण त्याच्या वेगाविषयी आणि निर्भयपणाविषयी आदरही वाटतो. नंतर येणाऱ्या गालानो शार्कविषयी मात्र निव्वळ तिरस्कार, कारण ते मेलेलेही खातात आणि झोपलेल्या कासवांचे पाय तोडतात. निळसर फुग्यासारख्या तरंगणाऱ्या विषारी फिझेलियाला तो शिवी देतो आणि कासवे त्या खातात याचा आनंद मानतो. ‘समुद्री राक्षस’ अशी एकच कोठी त्याच्या डोक्यात नाही. भीतीलाही त्याच्याकडे पायऱ्या आहेत. पाण्यावर जगणाऱ्याची ही खरी खूण आहे.

अशा पायऱ्या आपल्या किनाऱ्याच्या बोलीत आहेतच. सिनेमाने ज्या शार्कचा जगभर धसका बसवला, तो आपल्याकडे मुशी किंवा मोरी होऊन टोपलीत येतो, आणि लहान मोरीचे कालवण बाळंतिणीला दूध यावे म्हणून खाऊ घालतात. भीती तिथे सबंध प्राण्यावर पसरत नाही. ती त्याच्या एका अवयवावर नेमकी ठेवलेली असते. पाकटाची भीती म्हणजे त्याच्या शेपटीवरच्या काट्याची. शिंगाळ्याची भीती म्हणजे पंखापाशी असलेल्या काट्यांची. तो जाळ्यातून सोडवताना हात कुठे ठेवायचा, हे ठाऊक असले की भीतीचे काम झाले. समुद्रसापाचे विष अत्यंत जहाल, पण तो सहसा चावत नाही. म्हणून जाळ्यात आलेला साप काढून पुन्हा पाण्यात टाकणे हे रोजच्या कामातले एक काम ठरते. इथे भीती हा ज्ञानाचाच एक प्रकार आहे.

याच्या शेजारी किनाऱ्यावरची भीती ठेवून पाहावी. सप्टेंबर २०१३ मध्ये दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांना पाकटांचे काटे लागले. पाकट उथळ पाण्यात वाळूखाली अंग दडवून बसतो, आणि पाय पडला तरच शेपूट मारतो. तरीही त्या दिवसांतली चर्चा हल्ल्याची होती. ऑगस्ट २०१८ मध्ये जुहू-गिरगावच्या किनाऱ्यांवर ‘ब्लू बॉटल’ लागून आल्या आणि अनेकांना त्यांचे चटके बसले. या ब्लू बॉटल म्हणजे सांतियागोच्या फिझेलियाचीच भावंडे. शास्त्रीयदृष्ट्या तो एक प्राणी नसून अनेक जीवांची वसाहत असते, पण बातम्यांत त्या ‘विषारी जेलीफिश’ झाल्या. जानेवारी २०१६ मध्ये जुहूला सुमारे ३५ फुटांचा मृत देवमासा लागला, तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली. हल्ला, विष आणि अजस्र देह ही किनाऱ्यावरच्या शब्दकोशातली तीन पाने, आणि त्यापलीकडे तो कोश उघडत नाही. खानावळीतली ती बाई क्यूबात एकटी नव्हती.

मराठी साहित्याने या बाबतीत काय केले? जंगलाच्या बाजूने पाहिले तर पुष्कळ. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मध्ये (१९८२) वानरांच्या टोळ्यांतली सत्तेची झुंज आणि पिल्लांची हत्या आहे. हिंस्रपणा तिथे जगण्याच्या व्यवहाराचा भाग म्हणून येतो, कोणी राक्षस होत नाही. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून आयुष्य घालवले आणि जंगलात राहणाऱ्यांकडून ऐकलेली पशुपक्ष्यांची नावे, समजुती, निरीक्षणे ग्रंथांत आणली. याला बोलीचाही आधार होता. रात्री सापाचे नाव न घेता ‘जनावर’, ‘लांबडे’ म्हणणारी, वाघाला ‘वाघोबा’ करून देवळीत बसवणारी भाषा लेखकांच्या हाताशी होती.

समुद्राच्या बाजूने मात्र हात रिकामा वाटतो. मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) दांड्यापासून फार दूर नाही, पण ती खाडीकाठच्या झोपडपट्टीतल्या माणसांची कादंबरी आहे. पाण्यातले जीव हा तिचा विषय नाही, आणि तसा तो असावा अशी सक्तीही नाही. दोष एका पुस्तकाचा नाही. कोळी आपल्याकडे गीतात आला, नाचात आला, चित्रपटात आला, पण त्याच्या जाळ्यातल्या प्राण्यांची भीती त्याच्या शब्दांत गद्यात क्वचितच उतरली. म्हणून समुद्रावर एकटा असलेला, प्राण्यांशी बोलणारा कोळी मराठी वाचकाला सर्वांत ठसठशीत भेटला तो भाषांतरात, हवानाहून.

लोककथांच्या नोंदींतही हीच गोष्ट वेगळ्या रीतीने दिसते. ए. एम. टी. जॅक्सन यांनी शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून जमवलेल्या साहित्यावरून आर. ई. एन्थोवेन यांनी १९१५च्या सुमारास कोकणच्या लोकसमजुतींचे पुस्तक सिद्ध केले. उत्तरे देणारे जमिनीवरचे शिक्षित होते, हे त्या संग्रहाचे बळही आहे आणि मर्यादाही. पण पाण्यातल्या भयाचे कोकणातले ठळक नाव जे सापडते ते ‘गिऱ्हा’, म्हणजे बुडून मेलेल्याचे भूत. संस्कृत परंपरेने माशांना गिळणाऱ्या माशाला, तिमीला, गिळणारा तिमिंगिल कल्पिला. आपल्या खाडीकाठाने मात्र पाण्यात बुडालेला माणूसच पाहिला. मला यात फार मोठा फरक दिसतो. तिमिंगिल ही समुद्र न पाहिलेल्या विद्वानालाही सुचू शकणारी कल्पना आहे. गिऱ्हा सुचायला घरातला कोणी परत न आलेला असावा लागतो. पाण्यावर पोट असलेल्याची खरी भीती जनावराची नसून परतीची असते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. कोळ्यांच्या शब्दांना इतके मोठेपण देणे हा भाबडेपणा नव्हे काय? जाळ्यांनी मारलेही पुष्कळ. करवतीसारखे लांब तोंड असलेला करवत मासा २००१ पासून कायद्याने संरक्षित आहे, तो उगाच नव्हे. नाव ठाऊक असणे म्हणजे माया असणे नाही. सांतियागोही शेवटी भावालाच मारतो. आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट उरते. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कला ‘बॅरल’ म्हणत, कारण त्याच्या शिकारीत पिंपे वापरली जात. २००४ मध्ये तिथे मोहीम सुरू झाली, मोरारीबापूंनी त्याला माहेरी बाळंतपणाला येणाऱ्या लेकीची उपमा दिली आणि नवे नाव रुजले, ‘व्हाली’, म्हणजे लाडकी. कायदा २००१चाच होता, पण मच्छीमार तो मासा सोडू लागले त्यात या नावाचा वाटा मोठा होता. महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित प्राण्याला सोडण्यासाठी जाळे कापले तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पैसा जाळ्याची भरपाई करतो. जाळे कापण्याचे मन मात्र भाषेत तयार व्हावे लागते, आणि ते लाटेवरच्या भाषेत होते, किनाऱ्यावरच्या नव्हे.

हेमिंग्वेने समुद्राविषयी एक सूक्ष्म भेद नोंदवला आहे. म्हातारा समुद्राला स्त्रीलिंगी ‘ला मार’ म्हणतो, तर मोटारबोटी घेतलेले तरुण पुल्लिंगी ‘एल मार’ म्हणतात आणि त्याला प्रतिस्पर्धी समजतात. मराठीत समुद्र, सागर, दर्या तिन्ही पुल्लिंगी, त्यामुळे भाषांतरकारापुढे ही अडचण राहणारच. पण आपल्या कोळ्याचा दर्या पुल्लिंगी असून प्रतिस्पर्धी नाही. तो ‘दर्याराजा’ आहे, आणि नारळी पौर्णिमेला त्याला नारळ दिला जातो. लिंगावरून नाते ठरत नाही, संबोधनावरून ठरते. हा भेद मराठीतून हेमिंग्वेला परत सांगता येण्याजोगा होता. तो सांगणारे समुद्री गद्य आपण लिहिले नाही.

आज खारदांड्यासमोरच्या पाण्यातून वर्सोवा-वांद्रे सागरी सेतू आकार घेतो आहे. त्याच्या बाजूने वा विरोधात बोलण्याची जागा हा लेख नाही. पण पुलावरून जाणाऱ्याला समुद्र कार्टर रोडवरच्यापेक्षाही लांबून दिसेल. पाकट, शिंगाळा, मुशी, गिऱ्हा हे शब्द अजून दांड्यापासून मालवणपर्यंत वापरात आहेत, आणि त्या प्रत्येकामागे हात कुठे ठेवावा, काय सोडावे, कशाला घाबरू नये याचा एक धडा आहे. ‘एका कोळियाने’ने मराठीला एक मोठा कोळी दिला. दुसरा द्यायचा असेल तर तो भाषांतरातून येणार नाही. कोळीवाड्यातल्या कोणाला तरी तो लिहावा लागेल आणि संपादकांना त्यातले शब्द प्रमाण न करता छापावे लागतील. तोवर सांगाड्याला शार्क म्हणणारी बाई आपल्या टीकेतही बसलेली आहे.