छापण्यापूर्वीचा वाचक : मराठी नियतकालिके आणि घरचा वकील

दिवाळी अंक हातात आला की मी आधी अनुक्रमणिका पाहतो आणि मग श्रेयनामावलीच्या तळाशी बारीक टायपात छापलेली ओळ वाचतो. अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही, या अर्थाची ती ओळ आपण सर्वांनी शेकडो वेळा पाहिली आहे, पण वाचली क्वचितच. मराठी समीक्षेने कवितेतल्या स्वल्पविरामावर निबंध लिहिले, या ओळीवर मात्र लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. खरे तर अंकात सर्वाधिक विचारपूर्वक लिहिलेले वाक्य तेच असते. ते संपादकाच्या नावावर छापले जाते, पण त्याची घडण वकिली असते. प्रस्तुत लेखात मला या न दिसणाऱ्या लेखकाविषयी, म्हणजे प्रकाशन संस्थेच्या घरच्या वकिलाविषयी लिहायचे आहे.

विषय सुचला तो अनुभवातून. मी ओझरचा. निफाड तालुक्यातल्या या गावाची ओळख बाहेर विमानांच्या कारखान्यामुळे असली, तरी भोवतालचे अर्थकारण द्राक्षांवर चालते. काही वर्षांपूर्वी एका अंकासाठी मी द्राक्षबागायतदारांच्या बुडालेल्या पैशांवर लेख लिहिला. माल उचलून पैसे न देता गेलेल्या एका व्यापाऱ्याचे नाव त्यात होते. अंक छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी संपादकांचा फोन आला. ‘‘सर, आमच्या वकीलसाहेबांनी दुसऱ्या पानावरचा परिच्छेद काढायला सांगितलाय. बाकी लेख उत्तम आहे.’’ मी होकार दिला. सौद्याच्या पावत्यांच्या झेरॉक्स माझ्या टेबलाच्या खणात होत्या. त्या आहेत का, हे कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. लेख छापून आला. ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्यापैकी एकाने तो वाचून मला एवढेच विचारले, ‘‘मास्तर, मग हे कोणाबद्दल लिहिलंय?’’

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून मी या ‘काढा’चा इतिहास शोधतो आहे.

इतिहास केसरीच्या पहिल्या वर्षांपासून सुरू होतो. कोल्हापूरच्या दिवाण बर्वे यांच्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने टीका केली. तिला आधार होता काही पत्रांचा. खटला उभा राहिला तेव्हा ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले. आपण हा प्रसंग त्यागाची कथा म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण छापण्यापूर्वीच्या वाचकाच्या दृष्टीने पाहिले तर ती एका न विचारलेल्या प्रश्नाची कथा आहे. टिळक स्वतः कायद्याचे पदवीधर होते. म्हणजे वकील घरातच होता. कागद हाती आला, पण तो खरा कशावरून, हा प्रश्न पुरेसा विचारला गेला नाही. पुढे १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. तेव्हा त्यांच्यातला संपादक आणि वकील वेगळे काढता येत नाहीत. मराठी पत्रकारितेच्या उगमाजवळ लेखणी आणि कायदा एकाच माणसाच्या हातात होते. ते दोन हात वेगळे झाले ते पुढे, वृत्तपत्र ही कंपनी झाल्यावर.

कंपनी झाल्याने काय साधते, याचे चांगले उदाहरण पुण्याच्या ‘सकाळ’ने घालून दिले. १९५६ च्या कायद्याने आणि त्याखालच्या १९६० च्या आदेशाने, किती पानांचे वृत्तपत्र किती किमतीला विकायचे हे सरकार ठरवू लागले. पाने तेवढीच ठेवायची तर किंमत वाढवा, किंमत तीच ठेवायची तर पाने कमी करा, असा पेच होता. सरकारचे म्हणणे होते की लहान वृत्तपत्रांना मोठ्यांच्या स्पर्धेपासून वाचवायचे आहे. ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला. कंपनीबरोबर वाचकांच्याही याचिका होत्या. १९६१ मध्ये न्या. मुधोळकर यांनी लिहिलेल्या निकालपत्राने तो कायदा रद्द ठरवला. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात मजकुराबरोबर खपाचे, म्हणजे वाचकापर्यंत पोहोचण्याचे स्वातंत्र्यही येते, असे त्याचे सार. वकिलाला ‘व्यूहरचनाकार’ म्हणायचे तर ते अशा वेळी. इथे कायदा वाक्य कापायला नव्हे, वाक्याला वाट करून द्यायला वापरला गेला, आणि कंपनीचे हित व वाचकाचे हित एका रेषेत आले.

पण ही रेषा नेहमी एक राहत नाही. दिवाळी अंकांच्या वाचकांना जवळचे असलेले प्रकरण पुढच्याच वर्षातले आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा आली. अश्लीलतेच्या कलम २९२ खाली लेखक, मुद्रक-प्रकाशक आणि विक्रेता असे तिघे आरोपी झाले. दंडाधिकाऱ्यांनी सर्वांना सोडले. उच्च न्यायालयाने विक्रेत्याची सुटका कायम ठेवून लेखक आणि प्रकाशक यांना प्रत्येकी २५ रुपये दंड केला आणि त्यांच्या ताब्यातल्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला.

२५ रुपये! कोणताही व्यवहारी सल्लागार म्हणेल, भरा आणि मोकळे व्हा. संस्थेच्या हिशेबात हा सल्ला चूक नाही. पण लेखकाच्या हिशेबात तो दंड २५ रुपयांचा नव्हता. त्याच्या कथेवर गुन्ह्याचा शिक्का बसत होता. सर्वोच्च न्यायालयात अपील केले ते काकोडकरांनी, आणि १९६९ मध्ये ते निर्दोष ठरले. त्या निकालाकडे मी समीक्षालेख म्हणून पाहतो. न्यायालयाने कथा सुट्या उताऱ्यांत न वाचता सलग वाचली, पात्रांचा विचार केला, आणि कथा वाङ्मयीनदृष्ट्या फार उच्च नसेल, लेखकाची अभिरुचीही अपरिपक्व असेल, पण तेवढ्याने ती अश्लील ठरत नाही, असा निष्कर्ष काढला. फसलेली कथा आणि गुन्हा यांतला फरक आपल्याकडे इतका स्वच्छ करून सांगणारे समीक्षक थोडे आहेत.

या निकालाची दुसरी बाजू २०१५ साली दिसली. वसंत दत्तात्रय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता बँक कर्मचारी संघटनेच्या १९९४ च्या एका अंतर्गत नियतकालिकात पुनर्मुद्रित झाली होती. तक्रार झाली. संपादकाने पुढच्या अंकात बिनशर्त माफी छापली. प्रकरण एकवीस वर्षे चालले. सर्वोच्च न्यायालयाने, इतिहासातील आदरणीय व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घालताना कवीचे स्वातंत्र्य अमर्याद राहत नाही, असे म्हटले. माफी लक्षात घेऊन संपादकाला आरोपातून मुक्त केले, मुद्रकालाही. कवीने मात्र खटल्याला सामोरे जावे, असा आदेश झाला.

माफी मागणाऱ्या संपादकाला मी दोष देत नाही. अंतर्गत पत्रिका चालवणाऱ्या माणसाने दुसरे काय करायचे? माझा मुद्दा त्या माफीच्या रचनेचा आहे. माफीचा मजकूर लिहिताना दोन वाक्ये शक्य असतात. एक, ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर आम्ही दिलगीर आहोत.’ दुसरे, ‘ही रचना आम्ही वाङ्मय म्हणून छापली, त्या निर्णयाची जबाबदारी आमची.’ पहिले वाक्य संस्थेला बाहेर काढते. दुसरे लेखकाजवळ उभे राहते. घरच्या वकिलाची खरी व्यूहरचना या निवडीत असते, आणि समीक्षेने ती वाचायला हवी.

माफी नेहमीच माघार असते असेही नाही. सप्टेंबर २००८ मध्ये ‘टाइम्स नाऊ’ वाहिनीने भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याच्या बातमीत, आडनावाच्या साधर्म्यातून, निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र काही सेकंद दाखवले. चूक कळवल्यावर छायाचित्र थांबले, पण दुरुस्तीची पट्टी झळकायला सुमारे दोन आठवडे लागले. २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने १०० कोटी रुपयांची भरपाई ठरवली. अपिलासाठी उच्च न्यायालयाने २० कोटी रुपये भरायला आणि ८० कोटींची हमी द्यायला सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. ही रक्कम मला अवाजवी वाटते. एवढ्या आकड्याचा धाक लहान संपादकाला तोंड उघडू देणार नाही. पण ज्या संस्थेत वकील पगारावर आहे, तिथे ‘चुकले’ म्हणायला तेरा-चौदा दिवस का लागावेत? जिथे बोलायचे तिथे गप्प राहायचे आणि जिथे टिकायचे तिथे वाक्य काढायचे, ही सावधगिरी नव्हे.

हे सारे आपल्याला दिसते ते खटला झाला म्हणून. खटला टळला तेव्हा काय कापले गेले, याची नोंद कुठे राहत नाही. त्याला कारण आहे. बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरीतला माणूस वकिली करू शकत नाही, आणि म्हणून वकील व अशील यांच्यातील गोपनीयतेचे पूर्ण संरक्षण कंपनीच्या विधी सल्लागाराला मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सांगितले. याचा वाङ्मयीन परिणाम मला असा दिसतो की शहाणा सल्लागार समासात काही लिहिणार नाही, फोन करेल. मराठी लेखकांची हस्तलिखिते आपण जपतो, संपादकांची पत्रव्यवहाराची पुस्तके छापतो. या तिसऱ्या हाताने केलेल्या दुरुस्त्या मात्र हवेत विरतात. १८६७ च्या मुद्रण कायद्याने मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे छापणे बंधनकारक केले. त्याच्या जागी १ मार्च २०२४ पासून नवा कायदा आला. छापण्यापूर्वी शेवटचा शब्द ज्याचा, त्याचे नाव पूर्वीही नव्हते, आताही नाही.

ओझरच्या कारखान्याजवळ वाढलेल्या आम्हा मुलांना एक गोष्ट लवकर कळते. विमान जोडणारा वेगळा आणि ते तपासून सही करणारा वेगळा. तपासणाऱ्याचे काम विमान जमिनीवर ठेवणे हे नव्हे. काय तपासले ते लिहून, खाली नाव घालून, ते उडू देणे हे त्याचे काम. बदनामीच्या कायद्यात पहिलाच अपवाद लोकहितासाठी सांगितलेल्या सत्याचा आहे. तेव्हा घरच्या वकिलाचा पहिला प्रश्न ‘हे काढता येईल का’ असा नसावा, ‘हे सिद्ध करता येईल का’ असा असावा. १८८२ मध्ये तो विचारला असता तर एक मजकूर थांबला असता. माझ्या लेखाच्या वेळी विचारला असता तर एक परिच्छेद राहिला असता. एकच प्रश्न दोन्ही कामे करतो.

आणि तो विचारण्याची वाट पाहणे ही लेखकाचीही चूक आहे. त्या दिवशी फोनवर मी होकार दिला, तो मला कोणी द्यायला लावला नव्हता. म्हणून हा लेख पाठवताना मी निकालपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत, आणि द्राक्षांवरचा जुना लेख, काढलेल्या परिच्छेदासह आणि पावत्यांसह, पुन्हा संपादकांकडे पाठवला आहे. या वेळी फोन आला तर आधी वकीलसाहेबांशी बोलायचे आहे, असे मी सांगणार आहे.