भारदस्त संध्या

ज्याच्या शब्दाला वजन असतं त्याला गाव मान देतं. आवाज भारदस्त असला की सभा शांत होते. मराठीत वजनाचे असे सगळे मान पुरुषांच्या वाट्याला आले. बाईच्या अंगावर चार किलो जास्त दिसले की भाषा बदलते. ‘जरा अंगानं आहे’, ‘खात्यापित्या घरची दिसते’, आणि तिची पाठ वळली की दबक्या आवाजात, ‘मुलाला शोभणार नाही हो.’ शरत कटारिया यांचा ‘दम लगा के हैशा’ मी पुन्हा पुन्हा पाहते, कारण या सिनेमात ‘भारदस्त’ हा शब्द अखेर एका बाईला मिळतो. संध्या वर्मा शेवटच्या दृश्यापर्यंत तसूभरही बारीक होत नाही, आणि तरी सिनेमाभर आपल्या डोळ्यांपुढे मोठी होत जाते.

हा सिनेमा फेब्रुवारी २०१५मध्ये आला, तोही यशराजच्या घरातून. बर्फाच्या डोंगरांपुढे शिफॉनची साडी नेसलेल्या नायिकेचं चित्र ज्या घरानं आपल्या मनावर कोरलं, तेच हे घर. कथा घडते हरिद्वारमध्ये, १९९५ साली. हे साल मला फार बोलकं वाटतं. आदल्याच वर्षी, १९९४मध्ये, सुश्मिता सेन विश्वसुंदरी झाली आणि ऐश्वर्या राय जगत्सुंदरी. मध्यमवर्गीय घरांतल्या गप्पांत उंची, कंबर, रंग यांची मापं आली. त्याच १९९५च्या ऑक्टोबरमध्ये यशराजचाच ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ झळकला. त्या वर्षाच्या झगमगाटापासून दूर, हरिद्वारच्या एका गल्लीत, कॅसेटचं दुकान चालवणाऱ्या प्रेम तिवारीचं लग्न त्याच्या मनाविरुद्ध संध्याशी लावलं जातं. तो दहावी नापास, कुमार सानूचा भक्त. ती बी.एड. झालेली, शिक्षिका होऊ पाहणारी. घरच्यांचा हिशेब साधा आहे. सून शिकलेली आहे, चार पैसे घरात येतील.

मुलगी दाखवण्याच्या प्रसंगी प्रेमचा चेहरा पडतो. आयुष्मान खुरानानं हे पडणं इतकं खरं केलं आहे की आपल्याला त्याचा राग येण्याआधी ओळख पटते. त्या नजरेत क्रौर्य कमी आणि सवय जास्त आहे. पोस्टरवरच्या बायका बघत वाढलेल्या मुलाला आपण स्वतः कसे दिसतो, काय कमावतो, किती शिकलो, हे प्रश्न कधी कुणी विचारलेलेच नसतात.

त्याच काळातला एक फोटो माझ्या आठवणीत आहे. माझ्या मामेबहिणीचा, स्थळांना पाठवायचा. मी तिच्यासोबत स्टुडिओत गेले होते. मागे रंगवलेला बगिचा, बाजूला प्लास्टिकच्या फुलांची उंच कुंडी. फोटोग्राफरनं तिला आधी तिरकं उभं केलं, मग कुंडीच्या मागे सरकवलं, मग पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लावला. ‘श्वास आत घ्या ताई, आणखी थोडा.’ फोटो निघाला तेव्हा तिनं श्वास रोखून धरलेला होता. ते स्थळ जमलं नाहीच. पुढे कितीतरी वर्षं कुठलाही कॅमेरा समोर आला की तिचा हात आपोआप पदराकडे जायचा. संध्याला पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तेव्हा मला ती कुंडी आठवली. संध्यापुढे कुंडी नाही. ती कॅमेऱ्यासमोर सरळ उभी आहे, पूर्ण चौकटीत, आणि तिचा श्वास मोकळा आहे.

हिंदी पडद्यावर जाड बाईला येण्याची परवानगी होती, पण हसवण्यासाठी. ‘दर्द’मध्ये (१९४७) उमादेवी या नावानं गायलेली गुणी गायिका ‘बाबुल’पासून (१९५०) पडद्यावर आली आणि टुनटुन झाली. तिचं विनोदाचं अंग अस्सल होतं, तिला मी मनापासून दाद देते. पण तिच्या पात्रांनी प्रेम करायला घेतलं की प्रेक्षकांनी हसायचं, असा अलिखित करारच होता. जाड बाईची इच्छा हाच विनोद. ‘दम लगा के हैशा’ नेमका हा करार मोडतो. लग्नानंतर नवरा पाठ फिरवतो, तेव्हा संध्या उशीत तोंड खुपसून बसत नाही. ती नटते, पुढाकार घेते, त्याला जवळ ओढू पाहते. या दृश्यांत गंमत आहे, पण ती नव्या जोडप्याच्या अवघडलेपणाची. तिला नवरा हवासा वाटतो, यात हसण्यासारखं काही आहे असं सिनेमा एकदाही सुचवत नाही.

भूमी पेडणेकरची ही पहिली भूमिका. ती यशराजमध्येच कास्टिंग विभागात साहाय्यक होती. या भूमिकेसाठी तिनं वजन वाढवलं ही गोष्ट गाजली, पण वजन वाढवणं म्हणजे अभिनय नव्हे. तिचा अभिनय तिच्या चालण्यात आहे. आपल्या देहाची लाज वाटणारी बाई अंग चोरून चालते, खुर्चीच्या कडेवर टेकते, घोळक्यात मागे राहते. भूमीची संध्या पावलं पूर्ण टेकवत चालते, ऐसपैस बसते, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघते. लोकांचे टोमणे तिला ऐकू येतात. ते झोंबतात हेही आपल्याला दिसतं. पण ते ऐकून ती आकसत नाही.

मग तो लग्नाचा प्रसंग येतो. मित्राच्या लग्नात दारू प्यायलेला प्रेम चारचौघांत बायकोच्या देहाबद्दल बोलतो. तिच्याबरोबरची रात्र नरकासारखी असते, अशा अर्थाचं काही. संध्या ते ऐकते, पुढे येते आणि सगळ्यांसमोर त्याच्या थोबाडीत देते. तो उलट तिला मारतो. आसपासची वरात क्षणभर थिजते. या क्षणी भूमीच्या चेहऱ्यावर अश्रूंच्या आधी एक निश्चय उमटतो, आणि माझ्या मते साऱ्या सिनेमाचा कणा तिथे आहे. इथवर आपण तिची कीव करू शकत होतो. इथून पुढे ती सोय राहत नाही. ती माहेरी जाते, घटस्फोटाचा अर्ज करते. ‘मी बारीक होऊन दाखवते’ असं म्हणणाऱ्या नायिका आपण पुष्कळ पाहिल्या. ‘माझा अपमान झाला, मला हे लग्न नको’ असं म्हणणारी जाड नायिका मी तरी पहिल्यांदाच पाहत होते.

न्यायालय सांगतं, सहा महिने एकत्र राहा, मग बघू. इथे कटारिया एक फार सुंदर प्रसंग रचतात. एक खोली, एक टेपरेकॉर्डर, आणि एकमेकांशी न बोलणारे दोघं. भांडण होतं ते कॅसेट बदलून. त्यानं एक गाणं लावायचं, तिनं उठून ते काढायचं आणि दुसरं लावायचं. टोमण्याला टोमणा, रुसव्याला रुसवा, सगळं उसन्या आवाजांत. हा प्रसंग मला इतका आवडतो, कारण ज्या गाण्यांनी प्रेमच्या डोक्यात देखण्या नायिकेचं वेड भरलं, तीच गाणी संध्यालाही तितकीच पाठ आहेत. आजवर तो ती स्वतःची मालमत्ता समजत होता. प्रेमाची गाणी फक्त सडपातळ मुलींसाठी लिहिलेली नसतात, हे त्याला तिच्या कॅसेटमधून कळतं. मला वाटतं, तिचा चेहरा त्याला पहिल्यांदा नीट दिसतो तो या भांडणात.

शेवटी शर्यत. बायकोला पाठीवर घेऊन अडथळे पार करत पळायचं. सिनेमाच्या नावाचा अर्थ इथे उलगडतो. ‘दम लगा के हैशा’ ही जड वस्तू ओढणाऱ्यांची आरोळी. आपण दोरीखेच खेळताना ‘जोर लगा के’ ओरडतो, तीच जातकुळी. इतका वेळ जे वजन टोमण्यांत होतं, ते इथे खरंखुरं पाठीवर येतं. प्रेमचे पाय लटपटतात, दम लागतो, आणि ओझ्याची गोष्ट निव्वळ श्वासाची आणि गुडघ्यांची होऊन जाते. लाज मात्र कधीच गळून पडलेली असते. ज्या बायकोबरोबर चारचौघांत दिसणं त्याला नको होतं, तिला तो सगळ्या गावादेखत पाठीवर मिरवतो. शर्यत संपल्यावरही तो तिला खाली उतरवत नाही.

या सिनेमाशी माझं भांडणही आहे. त्यानं उलट मारलेल्या थपडेचा हिशेब पुरता होत नाही. संध्याला दुसऱ्या गावी शाळेत नोकरी मिळते, आणि तिचं पुढे काय, यापेक्षा नवरा बदलला का, याकडे कथेचं लक्ष जास्त राहतं. शेवटी मूल्यमापन पुरुषाच्या पाठीच्या बळावर होतं. पण घराघरांत पोहोचणाऱ्या सिनेमानं जाड बाईला हक्कानं रागावू दिलं, हे मला लहान वाटत नाही. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. ‘मोह मोह के धागे’साठी गीतकार वरुण ग्रोवर आणि गायिका मोनाली ठाकूर यांचाही सन्मान झाला.

दुःख वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. भूमी बारीक झाली, आणि तिनं काय खाल्लं, काय सोडलं याच्या बातम्या भूमिकेच्या कौतुकाइतक्याच रंगल्या. बारीक होणं हा तिचा हक्क. पण संध्याला जीव लावणाऱ्या आपणच ती संध्यापासून ‘सुटली’ म्हणून टाळ्या वाजवल्या. पुढे ‘बाला’मध्ये (२०१९) सावळी नायिका हवी होती, तेव्हा त्याच अभिनेत्रीला रंग फासून सावळं केलं गेलं. जाड हवी तर बारीक मुलीनं वजन वाढवायचं, सावळी हवी तर उजळ मुलीनं रंग लावायचा. मराठीत सचिन कुंडलकरांच्या ‘वजनदार’साठी (२०१६) सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनीही वजन वाढवलं होतं. मेहनत खरी होती, तिला माझा नमस्कार आहे. तरी मला अजून त्या मुलीची वाट पाहायची आहे, जिला पडद्यावर येण्यासाठी स्वतःच्या देहात काहीच बदलावं लागणार नाही.

तोवर माझ्याकडे या सिनेमाची श्रेयनामावली आहे. कथा संपते आणि ‘दर्द करारा’ सुरू होतं, कुमार सानू आणि साधना सरगम यांच्या आवाजात, थेट नव्वदच्या थाटात. त्या थाटाचे भडक कपडे, तेच हातवारे, तीच गिरकी. आणि या सगळ्याच्या मधोमध संध्या, तशीच, तेवढीच, हिंदी सिनेमाची नायिका म्हणून नाचते आहे. मामेबहिणीला मी हा सिनेमा घरी दाखवला. तिची मुलं मोठी झाली आहेत आता. गाणं लागलं तसे आम्ही नावं वाचायचं सोडून संध्याला बघत बसलो. संपल्यावर ती म्हणाली, “मागे लाव गं, पहिल्यापासून.” मी लावलं. या वेळी ती उठली, ओढणी खुर्चीवर टाकली आणि टीव्हीसमोर मोकळ्या हातांनी नाचली.