रॉबर्ट फिस्क : साक्षीदार आणि त्याची कसोटी

रॉबर्ट फिस्क या ब्रिटिश वार्ताहरावर आम्हा मुस्लिम वाचकांनी मनापासून प्रेम केले. त्याला कारणे होती. सप्टेंबर १९८२ मध्ये बैरुतच्या सब्रा व शातिला छावण्यांत पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल झाली. तेथे प्रथम पोहोचलेल्या मोजक्या पत्रकारांत फिस्क होते. जुलै १९८८ मध्ये अमेरिकन युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले, २९० माणसे गेली. त्या बातमीची काटछाट झाली म्हणून आपण 'द टाइम्स' सोडला, असे त्यांनी सांगितले आहे.

'द ग्रेट वॉर फॉर सिव्हिलायझेशन' (२००५) हा हजारावर पानांचा ग्रंथ म्हणजे या कारकिर्दीचा जमाखर्च. शीर्षक वडिलांच्या पहिल्या महायुद्धातील पदकावरून घेतलेले. त्या युद्धानंतर विजेत्यांनी आखलेल्या सरहद्दींच्या आत होरपळणारी माणसे पाहण्यात आपली हयात गेली, हे त्याचे सूत्र. ग्रंथ पसरट आहे, पुनरुक्तीही आहे. पण १९९६ मध्ये दक्षिण लेबनॉनात रुग्णवाहिकेवर पडलेल्या क्षेपणास्त्राचा तुकडा घेऊन अमेरिकेत उत्पादकांना जाब विचारायला जाणारे फिस्क विसरता येत नाहीत.

इराक युद्धात लष्कराच्या आसऱ्याने होणाऱ्या पत्रकारितेवर त्यांनी कोरडे ओढले. म्हणूनच त्यांचे सीरियाविषयीचे लेखन आम्हाला खुपते. ऑगस्ट २०१२ मध्ये दरायात ते सरकारी फौजेबरोबर गेले. एप्रिल २०१८ मध्ये दुमा सरकारच्या ताब्यात आल्यावर तेथे गेले. लोक वायूने नव्हे, धुळीने गुदमरले, हे एका डॉक्टरचे म्हणणे त्यांनी ठळकपणे मांडले. तो डॉक्टर प्रत्यक्षदर्शी नव्हता, हेही त्यांनीच नोंदवले. ३० ऑक्टोबर २०२० रोजी फिस्क वारले. जानेवारी २०२३ मध्ये रासायनिक शस्त्रबंदी संघटनेच्या चौकशीने दुमातील क्लोरीन हल्ल्याची जबाबदारी सीरियाच्या हवाई दलावर ठेवली. त्यात ४३ जणांचा बळी गेल्याची नोंद आहे.

यात आम्हीही निर्दोष नाही. सब्राचे मृत आमच्यासाठी मजलूम होते. दुमाच्या मृतांबाबत मात्र आम्ही पुरावे मागत बसलो. मारणारा परका असला की आमचा आवाज चढतो. तो आपल्यातला असला की आम्हाला राजकारणाची गुंतागुंत आठवते. फिस्क यांचा ग्रंथ आमच्या घरांत जरूर वाचला जावा. सत्तेच्या शब्दावर विसंबू नका, हा त्यातला धडा फिस्क यांच्या उत्तरायुष्यालाही लावावा आणि आम्हालाही.